चार वीस, चार पस्तीस

दुपारी साडेतीनला पंचशीलाचा फोन आला तेव्हा सुगत जुनी इंदूरमधल्या घरी मेथी निवडत बसला होता.

"पापा, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"घरीच. कुठे असणार?"

"सही में?"

"विश्वास नसेल तर आजीला विचार." शेजारी त्याची चौऱ्याऐंशी वर्षांची आई, दुर्गाबाई, मटार सोलत होती.

पलीकडे पंचशीला हसली. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसस्टॉपवर तिला एक माणूस दिसला होता. पाठीमागे हात बांधलेले, मान डावीकडे थोडी कललेली. हुबेहूब पापा. ती हाक मारणार, तेवढ्यात त्याची बस आली.

"टेन्शनमध्ये आहेस तू," सुगत म्हणाला. "नीट जेवतेस ना?"

टेन्शन होतंच. एम.एस्सी. संपवून ती तिथे नोकरी शोधत होती. मुलाखती चांगल्या व्हायच्या, शेवटी व्हिसाचा प्रश्न यायचा आणि मग कुणी उलट फोन करायचं नाही. व्हिसाचे सहा महिने उरले होते. एका मैत्रिणीने सुचवलं, तुझे वडील इथेच जन्मले ना? मग नागरिकत्व माग. गोष्ट खरी होती. आजोबा चांगदेव महूची पलटण सोडून त्याच गावात लोखंड ओतायच्या कारखान्यात लागले होते आणि बासष्ट साली सुगत तिथे जन्मला होता. दोन वर्षांचा असताना इंदूरला आला, त्यामुळे त्याला तिथलं काहीच आठवत नव्हतं. त्याचा जन्मदाखला घरात कधी नव्हता. पंचशीलाने तो तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून मागवला.

दाखला यायच्या आधी तो माणूस तिला आणखी दोनदा दिसला. दुसऱ्या वेळी वाचनालयात. त्याने पेपरमधून डोकं वर काढलं आणि रोजच्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी मान हलवली. पंचशीला तशीच बाहेर पडली. त्या दिवशी फोनवर ती हसली नाही.

मग दाखला आला. नाव सुगत, आईबापांची नावं बरोबर, तारीख बरोबर. फक्त तारखेपुढे वेळ लिहिलेली होती.

"पापा, इथे वेळ सगळ्यांची लिहीत नाहीत," ती म्हणाली. "काउंटरवरच्या बाईने सांगितलं, जुळं असलं तरच लिहितात."

सुगतने फोन तसाच हातात धरून आईकडे पाहिलं. "आई, ती म्हणते मी जुळ्यातला आहे."

दुर्गाबाई त्या दिवशीही मटार सोलत होत्या; बोटं थांबली नाहीत. शेंग सोलून दाणे वाडग्यात टाकत त्यांनी विचारलं, "किती वाजता लिहिलंय?"

"चार वीस."

"मग तो तुझा नव्हे. तुझा चार पस्तीस."

फोनमधून पंचशीलाचा आवाज येत होता, "पापा? आजी काय म्हणाली?"

दुर्गाबाईंनी वाडगा बाजूला सरकवला आणि सांगितलं. दोन मुलगे झाले होते. थोरला सुगत, पंधरा मिनिटांनी सुमेध. चौसष्टमध्ये सासूबाई अत्यवस्थ असल्याची तार आली. बोटीची तिकिटं निघाली, आणि निघायच्या आदल्या दिवशी सुगतला ताप भरला. त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. चांगदेव मागे थांबले. त्या सुमेधला घेऊन इंदूरला आल्या. सहा महिन्यांनी चांगदेव एकटेच परतले. मूल गेलं म्हणाले. त्यापुढे त्या घरात विषय नाही.

"शाळेत घालताना त्यांनी तुझं नाव सुगत लिहिलं. म्हणाले, थोरल्याचं नाव बुडायला नको. मी काय बोलणार? पण माझ्या तोंडून ते तुझ्यासाठी कधी निघालं नाही."

सुगतला आठवू लागलं. आई त्याला बाळू म्हणायची. रागावली तरी बाळू, त्याच्या लग्नाच्या पंगतीतही बाळू. नावाने तिने एकदाही हाक मारली नव्हती. बायको शैलजा हयात असताना यावरून त्याला चिडवायची. तो उठून अंगणात गेला आणि उन्हात उभा राहिला, तरी अंग गरम होईना.

पंचशीलाने सुमेधचा दाखला मागवला. चार पस्तीस. मग तिने मृत्यूच्या नोंदी शोधल्या. चौसष्ट, पासष्ट, पुढची सगळी वर्षं. सुगत नावाचं मूल कुठेच मेलेलं नव्हतं.

पुढच्या वेळी तो माणूस दिसला तेव्हा ती पळाली नाही. समोर जाऊन उभी राहिली आणि नाव विचारलं.

"सुगत," तो इंग्रजीत म्हणाला. "तुझं नाव नाही विचारत. तू माझ्याच कुणाची तरी आहेस एवढं मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं."

कारखान्यातल्या एका निपुत्रिक जोडप्याने त्याला वाढवलं होतं. तुझी आई आणि भाऊ समुद्रात बुडाले, असं त्याला सांगितलेलं. ते चांगदेवांनीच सांगितलं असणार, हे पंचशीलाला आणि इंदूरच्या दोघांनाही कळलं.

त्या रविवारी तिने त्याच्या घरून व्हिडिओ लावला. इंदूरला दुपारचे चार वाजले होते. पडद्यावर सुगतचाच चेहरा आला, पण परक्या उजेडात, परका स्वेटर घातलेला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. आरशात बघताना माणूस जसा आपोआप केस सारखे करतो, तसा सुगतचा हात वर गेला. पडद्यावरचा हात मात्र हलला नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

दुर्गाबाईंनी फोन जवळ ओढला. साठ वर्षांत न उच्चारलेलं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं.

"सुगत."

"हो," इथला म्हणाला आणि "यस," तिथला. दोन्ही आवाज एकदम, एकाच स्वरात. दुर्गाबाई दचकल्या. पडद्याकडे बघावं की शेजारी, हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि तशाच बोलत राहिल्या.

अर्जाचं काम सोपं नव्हतं. कार्यालयाचं पत्र आलं की सुगतच्या जन्मनोंदीवर आधीच एक पासपोर्ट चालू आहे. मग डीएनए तपासणी झाली. प्रयोगशाळेने लिहिलं की ही मुलगी या दोघांपैकी कुणाचीही असू शकते. एवढ्या सारख्या भावांत फरक करता येत नाही. पंचशीलाने ते वाक्य फोनवर दोनदा वाचलं.

सुगतला इंदूरच्या वकिलासमोर शपथपत्र करावं लागलं: मी, सुमेध, ज्याला सुगत म्हणून ओळखतात. सही करताना हात सवयीने सुगत लिहून गेला. वकील म्हणाला, "भिया, दूसरा कागज लो." दुसऱ्या कागदावर त्याने अक्षर अक्षर जोडून सुमेध लिहिलं, पहिलीतल्या पोरासारखं.

व्हिसाचे अकरा दिवस उरले असताना पंचशीलाचा पासपोर्ट आला. महिन्याभरात नोकरीही लागली. फोनवर ती खूप रडली. काका दर शनिवारी जेवायला येतात म्हणाली. कधी कधी ते स्वयंपाकघरात पाठमोरे उभे असले की ती चुकून पापा म्हणते, आणि ते वळतात.

नोव्हेंबरात सुगत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेला. खिडकीतल्या मुलीने कागदावरचा फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं.

"सुगतजी आप ही हैं?"

मागे रांग होती. त्याने कागद आपल्याकडे वळवून त्यावरचं नाव वाचलं. मुलीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाला विचारतात तसं.

"जिवंत आहे," तो मराठीतच म्हणाला. तिने यंत्र पुढे सरकवलं, आणि त्याने त्यावर अंगठा ठेवला.