उशिरा फुगलेला खडा

मित्राच्या त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याला सहा वर्षं झाली होती. पत्रात चारच ओळी होत्या. "पुस्तक्या, शाळेच्या गिलाव्याला खड्डे पडले, ते माझ्या हातून भट्टी जास्त तापल्यामुळेच का? सगळे तसंच म्हणतात. माल तू तपासायचास. खरं काय ते कळव, म्हणजे मी सुटेन."

पुस्तक्याला खरं ठाऊक होतं. चुन्याच्या कारखान्यात मित्र भट्टी सांभाळी, पुस्तक्या माल तपासून ढिगांना चिठ्ठ्या लावी. गिलाव्याला लागतो हलका भाजलेला चुना, पाणी पडताच उकळून मोकळा होणारा. हलक्या विटा करणाऱ्यांना हवा असतो कडक भाजलेला, सावकाश विरणारा. त्या दिवशी पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्या याच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. कडक चुना शाळेत गेला आणि गिलाव्याच्या पोटातले खडे महिनोन्‌महिने एकेक करून फुगत राहिले. बोल लागला भट्टीवाल्याला. त्याने नोकरी सोडली, तरी हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

निवृत्तीनंतर पुस्तक्याच्या खोलीत कोणी फिरकत नसे. पत्र शब्दकोशात होतं. उत्तर लिहायला घेतलं की मायन्यापाशीच त्याची गाडी अडे. 'प्रिय' लिहायचा आपल्याला काय हक्क?

परवा भिंत दुरुस्त करायला गवंडी आला. गेल्या वर्षीच्या गिलाव्यातल्या खळग्यातून त्याने थापीच्या टोकाने एक पांढरा कण काढला.

"बघा आजोबा. वर्षभर गप्प बसला आणि आता फुगला. भट्टीवाल्यांची नेहमीचीच बोंब."

"दर वेळी भट्टीवाल्याचा दोष नसतो."

"मग कुणाचा? भिंतीचा?"

"तपासणाऱ्याचा." म्हाताऱ्याने तो कण बोटावर घेतला. "मी तपासायचो. एकदा चुकलो, आणि बोलणी दुसऱ्याने खाल्ली."

गवंड्याने थापी धुतली. "आता पंचाईत झाली. समोरच्या माणसाला शिव्या कशा घालायच्या?"

तो गेल्यावर खोली पुन्हा गप्प झाली. आभाळ काही कोसळलं नव्हतं. म्हाताऱ्याने कागद ओढला. "प्रिय मित्रा, भट्टी बरोबर होती. चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. ज्यांना दाखवायचं असेल, त्यांना हे दाखव."

मित्र त्या पत्त्यावर असेल का, मुळात असेल का, कोण जाणे. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी त्याने पत्ता दोनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आत पाकीट आत सोडलं.