वारा नव्हता

करुणाचं शिकाऊ विमान धावपट्टीवर आपटलं, त्याला तीन दिवस झाले होते. तिच्या ओठाला दोन टाके पडले, बाकी ती धड होती. विमानाचं पुढचं चाक मोडलं आणि पंख्याची पाती जमिनीला घासून वाकली. एकटीनं उडवायची ती तिची चौथीच खेप.

लेखी जबाब सोमवारी द्यायचा होता. तोवर घरी जाऊन ये, असं प्रशिक्षक म्हणाले, म्हणून ती नाकाडोंगरीला आली. इथं येईल तो विचारी, "काहून आपटलं वो विमान?"

"वारा आला आडवा," ती म्हणे. आईला सांगितलं, शेजारच्या कुसुमताईंना सांगितलं, पीठगिरणीवाल्यालाही सांगितलं. सांगून सांगून जीभ जड झाली.

तिचे वडील सेवकराम चिखला गावच्या खाणकामगारांची खासगी बस चालवत. रविवारी पाळी संपवून ते आले, तेव्हा ती अंगणात कोरा कागद घेऊन बसली होती. त्यांनी पाय धुतले, शेजारी खाटेवर टेकले आणि काहीच विचारलं नाही. तेच तिला सोसेना.

"बाबा, वारा नव्हता."

"मंग?"

"त्या दिवशी उडून उतरायच्या पाच चकरा झाल्या होत्या. ऊन मरणाचं. चाकं टेकली अन् विमान उसळलं. तवा इंजिनाले जोर देऊन परत वर न्यायचं असते, शिकवलं हाये मले. पन आनखी एक चक्कर माह्यानं होतच नव्हती. दाबलं तसंच खाली."

सेवकराम खाटेवरच तिच्याकडे वळून बसले.

"माही बस नालीत गेली होती, आठवते? मालकाले सांगतलं, गाय आडवी आली."

"हो."

"गाय कायची बाई! डोळा लागला होता. बारा वर्सं झाली, लोकं अजून पुसतेत, गाय वाचली का म्हून."

करुणाला हसू आलं आणि टाके ताणले गेले. मग तिनं जबाब लिहिला. जेमतेम अर्धं पान भरलं.

सोमवारी प्रशिक्षकांनी तो दोनदा वाचला. एकटीनं उडणं बंद, महिनाभर पुन्हा त्यांच्या शेजारी बसून फक्त उतरण्याचा सराव. "थकलीस की आधी बोलायचं," एवढंच ते म्हणाले.

वसतिगृहात येऊन ती बूटही न काढता आडवी झाली. सोबतच्या पोरी पुढं निघून जातील, याचं वाईट वाटत होतं. पण त्याहून जास्त झोप येत होती.