ओळखीच्यांनाही हेच नियम

सोमवारी सकाळी सुनेने दुकानाच्या भिंतीवर पाटी ठोकली आणि स्वतःच दोन पावलं मागे सरकली.

‘शिलाई तीन हप्त्यांत. पहिला कापड कापण्याआधी, दुसरा ट्रायलला, तिसरा कपडा नेताना. ओळखीच्यांनाही हेच नियम.’

शेवटच्या ओळीने सगळा घोळ केला. आता यात चुकीचं काय होतं, तुम्हीच सांगा! एकाच्या मापाने कापलेलं कापड दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही. गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही, तर तो बिनबाह्यांचा कोट काय शिवणारीने घालून मिरवायचा? गेल्या वर्षीचे असे सात कोट कपाटात लटकत होते.

पण दुकान सासूबाईंनी उभं केलेलं. तीस वर्षं त्यांनी कुणाकडे आगाऊ पैसा मागितला नव्हता. ‘द्या हो सावकाश,’ एवढं बोलून त्या कात्री चालवायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती कात्री सुनेच्या हातात देऊन त्या वरच्या खोलीत बसू लागल्या. पाटी लागल्यावर त्या खाली आल्या, चष्मा पुसून दोनदा वाचली आणि जिना चढून गेल्या. चार दिवस झाले, विषयच नाही. त्यांनी नुसतं ‘काढ ती’ म्हटलं असतं, तर पाटीबरोबर दुकानातला तिचा शब्दही गेला असता.

शुक्रवारी मेट्रनबाई आल्या. इस्पितळ सोडून दहा वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना बघून अजून सरळ उभी राहते. सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. नातीच्या पदवीदानासाठी त्यांना कोट हवा होता. पाटी वाचून त्यांनी नाक मुरडलं.

“हे माझ्यासाठी पण?”

“हो,” सून म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली.

“बोलाव तुझ्या सासूला!”

बोलवायची गरजच नव्हती. त्या आवाजाने मेलेलाही उठला असता. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आल्या. मैत्रिणीने पाटीकडे बोट केलं. “बघितलंस? तुझ्या दुकानात माझ्याकडून आगाऊ!”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हात पसरले. “माझं माप घे. मलाही एक कोट हवाय. जन्मभर लोकांचेच शिवले.”

सून टेप घेऊन धावली. खांदा, छाती, बाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला, तीस वर्षांच्या कात्रीने उतरवलेला. तिने तसाच वहीत लिहिला. तेवढ्यात सासूबाईंनी पर्समधून नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

“हा पहिला हप्ता.”

“आई, अहो, तुमच्याकडून कसे घेऊ?”

“का? ‘सासू सोडून’ असं कुठे लिहिलंय? मी दोनदा वाचलीय ती पाटी.”

मेट्रनबाई खो-खो हसत सुटल्या. “मेले, म्हातारपणी मलाच शिस्त लावतेस!” असं म्हणत त्यांनीही पर्स उघडली. सुनेचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते लपवायला ती पावतीपुस्तकावर वाकली. दोन पावत्या फाडल्या, दोघींना दिल्या.

सासूबाईंनी मात्र आपली पावती डोळ्यांजवळ धरली. मग मैत्रिणीच्या हातातली ओढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

“कोट सारखाच, मग माझी शिलाई हिच्या निम्मी कशी?”

“घरचा भाव लावला, आई.”

“खोड ते.” त्यांनी पावती परत टेबलावर सरकवली, आणि मैत्रिणीलाच नव्हे, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पुरती शिलाई लाव. माझ्या सुनेच्या हातचं काम एवढं स्वस्त नाही!”