आशियात बसायचं, युरोपात उतरायचं

"रशियावरून जायचं न्हाई. तिकडं लढाई चालू हाय. आपण तुर्कस्तानावरून जाऊ," रायभान काका म्हणाले आणि त्यांनी आपली दोनशे पानी वही थेट माझ्या कीबोर्डवर ठेवली.

पीक विम्याची शेवटची तारीख तीन दिवसांवर आली होती. परतूरजवळच्या आष्टीतल्या माझ्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती, सर्व्हर सकाळपासून बसला होता आणि माझं डोकं उठलं होतं.

"काका, आधी सातबारा द्या."

"सातबारा न्हाई. तिकिटं काढायचीत. दोन. आशियातून युरोपात."

रांगेत खसखस पिकली. मागून कुणीतरी विचारलं, "काका, गाडी कुठं बदलायची, जालन्याला का?"

"इस्तंबूलला," काका शांतपणे म्हणाले.

रायभान काका रेल्वेचे गेटमन. परतूरच्या पुढं, जालन्याच्या बाजूला एका फाटकावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. त्या फाटकाच्या जागी आता भुयारी रस्ता झालाय. मी त्यांना म्हणालो, दुपारी गर्दी ओसरली की या. ते 'बरं' म्हणाले आणि घरी न जाता बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दोन वाजता मी मान वर केली, तेव्हा वही मांडीवर घेऊन तिथंच होते. गाडीची वाट बघायची सवय असलेला माणूस, त्याला दोन-तीन तास म्हणजे काय!

वही उघडली आणि मी गारच झालो. सातवी शिकलेल्या माणसाचं ते काम. प्रत्येक पानावर गाडी, सुटायची वेळ, पोचायची वेळ, सगळं रेल्वेच्या पद्धतीनं लिहिलेलं. वीस पंधरा, सहा चाळीस. पहिल्याच ओळीत मुंबई ते तुर्कस्तान, पुढं 'विमान', आणि त्याच्या पुढं 'नाइलाज'.

"अटारीच्या पुढं, पाकिस्तानात, गाडी बंद हाय," काकांनी खुलासा केला. "न्हाई तर तेवढीबी गरज न्हवती."

मग तुर्कस्तानच्या पूर्वेच्या टोकाचं कार्स नावाचं गाव, तिथून अंकारा, इस्तंबूल, सोफिया, बुखारेस्ट, बुडापेस्ट, व्हिएन्ना. नऊ दिवस. दर ठिकाणी दोन गाड्यांमध्ये पाच तासांचं अंतर, कारण गाडी लेट झाली तर? जेवणाच्या रकान्यात पहिले चार दिवस धपाटे, पुढं 'बघू'. भाड्याच्या रकान्यात मात्र विमान सोडलं तर सगळीकडं एकच शब्द होता, पास.

"काका, हा कोणता पास?"

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. रिटायर माणसाला रेल्वे देते तो फुकट प्रवासाचा पास. "मला आन् मंडळीला. दोघांस्नी चालतो."

मला हसू फुटलं. "अहो, तो आपल्याच रेल्वेत चालतो!"

"रेल्वे ती रेल्वे," काका म्हणाले. "तिकडं बी रूळच हायेत ना? तिकडला गेटमन माझ्या फाटकावर आला असता, तर त्याला चहा पाजल्याबिगर मी सोडला असता का?"

माझं हसू जिथल्या तिथं विरलं. त्यांना खरंच वाटत होतं की जगातली रेल्वेची माणसं एकाच घरची असतात. मी हळूहळू समजावलं, एकेका गाडीचं भाडं काढून दाखवलं. त्यांनी ग्रॅच्युइटीतून जे बाजूला ठेवलं होतं, त्यात नऊ दिवसांचा प्रवास एकाचाच होत होता.

"एकट्याचं भागतंय, काका. तुम्ही जाऊन या की."

काकांनी वही मिटली. "एकट्याचं न्हाई. एकतीस वर्षं तिनं गाडीच्या टायमावर भाकरी थापली. तपोवन एक्सप्रेस गेली की तवा टाकायचा, मालगाडी थांबली की झाकून ठेवायचं. ती फाटकावर होती म्हून मी होतो. तिला सोडून जाऊन काय बघू?"

मी विचारलं, "पण जायचंय काहून एवढं लांब?"

वहीच्या पुठ्ठ्याआडून त्यांनी वर्तमानपत्राचं एक पिवळं पान काढलं. समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वे जाते, एक स्टेशन आशियात आणि पुढचं युरोपात, अशी बातमी होती. पूर्णेचे राधेश्याम गार्ड दोऱ्यानं बांधलेलं वर्तमानपत्र रोज चालत्या गाडीतून फाटकावर टाकायचे. दोघं कधी एका जागी बसले नाहीत. सतरा वर्षांची ओळख आणि सगळी मिळून बोलणं दहा वाक्यांचं. "त्या माणसानं मला जग वाचायला दिलं. आता न्हाई राह्यले ते," काका म्हणाले. "मला तिकडल्या गाडीत बसून तिकडल्या गेटमनला हात करायचाय."

"हात?"

"गाडी येती तवा आम्ही झेंडी धरून हुभं राह्यतो. चाकातून धूर निघतो का, काय लोंबून राह्यलंय का, सगळं बघतो. शेवटच्या डब्यातून गार्ड झेंडी दाखवतो, म्हंजे बराबर हाय. अख्ख्या गाडीत आपल्याकडं बघणारा तेवढा एकच. खिडकीतली माणसं आरपार बघत्यात. म्हून म्हटलं, एकदा आपण खिडकीत बसावं आन् बघावं."

मी खाली बघितलं. माझं आजोळ त्या फाटकापलीकडचं. अकरावीला असताना बंद फाटकाखालून सायकल काढत होतो, तेव्हा याच माणसानं मला कॉलर धरून मागं ओढलं होतं आणि सणसणीत एक ठेवून दिली होती. दुसऱ्या क्षणाला गाडी धडधडत गेली. चार लोकांत मार खाल्ला म्हणून वर्षभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. आभार मानायचे राहूनच गेले. त्यांना ते आठवत होतं का, कुणास ठाऊक. त्यांनी अशी किती पोरं ओढली असतील.

तेवढ्यात कडूबाई काकू डबा घेऊन आल्या. "अवो, तपोवन जाऊन दोन तास झाले. जेवायचं हाय का न्हाई?"

काकांनी वही माझ्याकडं सरकवली. शेवटी मीच सगळं सांगितलं. पास चालत नाही, पैसे एकाचेच आहेत आणि हे एकटे जायला तयार नाहीत.

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. "त्या समुद्राखालून जायला गाडीला किती टायम लागतो?"

मी शोधलं. "चार मिनिटं."

"आन् तेवढ्यात ह्या खंडातून त्या खंडात?"

"हो."

"मंग चार मिनिटांसाठी नऊ दिवस काहून? आशियात बसायचं, युरोपात उतरायचं, चहा प्यायचा अन् माघारी यायचं. त्या व्हिएन्नात आपली कोण मावशी वाट बघून राह्यलीय?"

मी पुन्हा हिशेब केला. एकच देश, एकच व्हिसा, कार्सपासून इस्तंबूलपर्यंत रेल्वे, समुद्राखालून पलीकडं आणि तिथून परत. दोघांचं होत होतं. चहाला चार पैसे उरतही होते. काकांनी वहीतली सोफियापासून पुढची सगळी पानं एकेक करून हळूच दुमडली. फाडली नाहीत.

पुढचे दोन महिने आमचे यातच गेले. पासपोर्टसाठी जालन्याच्या चकरा झाल्या, व्हिसाचे कागद झाले. काकूंना पहिल्यांदाच स्वतःच्या सहीची गरज पडली. त्यांनी आठ दिवस माझ्या केंद्रात बसून जुन्या फॉर्मांच्या पाठीवर ती घोटली. मी सेवेचा एक रुपया घेतला नाही. काका द्यायला लागले की म्हणायचो, राहू द्या, जुनी बाकी आहे. कसली ते त्यांनी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खात होती. कार्सच्या गाडीचे व्हिडिओ बघताना मला दिसलं होतं, की फाटकं आली, आडवे दांडे आपोआप पडले, लाल दिवे लुकलुकले आणि माणूस कुठंच नव्हता. सांगावं की नको? ज्याच्यासाठी हा माणूस निघालाय तोच तिथं नसेल तर? निघायच्या आदल्या दिवशी कागदांची फाईल देताना मी सांगून टाकलं.

काकांनी पासपोर्टची पानं उगीच चाळली.

"आपल्याकडं तरी कुठं राह्यलाय?" ते म्हणाले. "माणूस काढला तरी जागा असती ना, अंगद? कुणीतरी हुभं राह्यलं असंल तिथं. कित्येक वर्षं. त्या जागेला करीन हात."

दुसऱ्या दिवशी मी केंद्र बंद ठेवलं. मुंबईच्या तपोवनसाठी परतूरला सोडायला जाणार होतो, पण काका म्हणाले, रिकामा खर्चा कशाला, आम्ही जीपनं जातो. मी बरं म्हणालो आणि मोटारसायकल काढून फाटकावर गेलो. म्हणजे फाटक जिथं होतं तिथं. गेटमनच्या खोलीला कुलूप होतं, दारापुढं काकूंनी लावलेला कढीपत्ता वाढून छपराला टेकला होता. खालच्या भुयारातून वाहनं न थांबता जात होती.

तपोवन सुटल्याचा भोंगा लांबून ऐकू आला. माझ्याकडे झेंडी कुठली? पीक विम्याच्या पावत्यांचं हिरवं फाईल कव्हर तेवढं होतं. तेच हातात धरून मी कुंपणाबाहेर ताठ उभा राहिलो. गाडी आली. खिडक्यांमधून माणसं मोबाईल बघत होती, झोपली होती, आरपार बघत होती.

मधल्या एका डब्याच्या दारात दोघं उभे होते. काकूंनी एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा सदरा घट्ट धरला होता. काकांचा हात मी दिसायच्या आधीच वर झालेला होता.