पुढची तारीख

सप्तापूरच्या शाळेत बायकांसाठी तपासणी शिबिर भरलं, तेव्हा सगळ्यांत पुढे मधुवंती होती. गणिताची बाई ती. लाजणाऱ्या बाकीच्या शिक्षिकांना तिनेच हाताला धरून आत नेलं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, पाच मिनिटांचं काम. सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले आणि नेमका हिच्याच नशिबी दोष. पेशींमध्ये बदल दिसतो आहे, हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा बघून घ्या, असं लिहिलं होतं. कॅन्सर हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. तिला मात्र तोच दिसत राहिला.

हुबळीला नाव नोंदवताना तिने नवऱ्याचा नंबर दिला. शाळेत शिक्षिकांचे फोन हेडबाईंच्या कपाटात कुलपात असत, आणि सुमंत पडला वकील, त्याचा फोन कायम कानाला. गॅसपासून बँकेपर्यंत घराचं सगळं त्याच्याच नंबरावर होतं.

ऑगस्टमधली तारीख आली तशी गेली. "डॉक्टरांनीच पुढे ढकललंय," सुमंत म्हणाला. "घाईचं काही नाही म्हणतात की." दसऱ्याच्या सुमाराला दुसरी तारीख, दिवाळीनंतर तिसरी, आणि दर वेळी हेच उत्तर. खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरं वाटायचं. वाईट काही असतं तर डॉक्टर पुढे ढकलतील का? बुडत्याला काडीचा आधार. तेवढ्यावर तिने पाच महिने काढले. तरी फळ्यावर उदाहरण सोडवताना हात मध्येच थांबायचा आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. रोज सकाळी देवापुढे ती एकच मागणं मागायची, ही तारीखही पुढे जाऊ दे, आणि मागितल्याची स्वतःलाच लाज वाटायची. अशी स्वतःची समजूत घालायला अक्कल लागत नाही, भीती पुरते.

जानेवारीत, पाळीचे दिवस नसताना, साडीला डाग दिसला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कुणाला न सांगता ती हुबळीच्या बसमध्ये बसली.

दवाखान्यात नोंदणीला बसलेल्या सविताने कॉम्प्युटरमध्ये नाव शोधलं. "अक्का, तुमचं नाव ऑगस्टपासून आहे की. तुमचे यजमानच फोन करून पुढची तारीख मागतात."

"डॉक्टरांनी ढकलली ना?"

"अय्य, डॉक्टर कशाला ढकलतील? मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी स्वतः फोन घेतला, ताबडतोब पाठवा म्हणाल्या. तर हे म्हणाले, घरात मुलीचं लग्न जमवायचं चाललंय, तेवढं होऊ द्या."

मधुवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला, वेदश्रीला, बेळगावचं स्थळ आलं होतं, आणि ती माणसं मुलीच्या आईच्या, आजोळच्या दुखण्यांचीसुद्धा चौकशी करणारी. झाकली मूठ सव्वा लाखाची! अडचणीचा दावा तारखांवर तारखा घेऊन थकवायचा, ही सुमंतची कोर्टातली रीत. ती त्याने घरात बायकोच्या पोटावर चालवली. आणि आपण गणिताची बाई असून पाच महिने हिशेब चुकवत बसलो, ह्याचाही तिला तितकाच राग आला.

डॉक्टरांनी त्याच दुपारी तपासलं. त्यांनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये यायला हवं होतं. आता तुकडा काढून तपासायला पाठवलाय. तो रिपोर्ट आल्याशिवाय मी काही सांगणार नाही. आठ दिवस लागतील."

संध्याकाळी घरी तिने सगळं जसंच्या तसं सुमंतपुढे ठेवलं. आधी तो वकिली आवाजात बोलला. "पोरीचं बघून केलं मी ते. आणि तू आधीच घाबरट, तुला आणखी कशाला घाबरवायचं म्हणून..."

"तुकडा काढलाय," ती पुन्हा म्हणाली.

तेव्हा कुठे ते त्याच्या डोक्यात शिरलं. त्याचा चेहरा उतरला. तो खुर्चीत बसला, उठला, परत बसला. "आठ दिवस कसे काढायचे गं? काहीतरी बोल की. काही नसेल म्हण."

पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असा धीर कधी मागितला नव्हता. एरवी तिला कीव आली असती.

"तुम्ही मला पाच महिने खोटा तरी धीर दिलात," ती म्हणाली. "माझ्याकडे तुम्हाला द्यायला तोसुद्धा नाही."