माझ्यावाचून धावलेला आवाज

मी एक जुनी पेट्रोलची गाडी आहे. उंच, रुंद, काळपट हिरव्या रंगाची. मित्रांनो, माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली की तिचा उलगडा मला स्वतःलाही झालेला नाही. त्या सकाळी मी रस्त्यावर धावत होते, असं तीन माणसं सांगतात. मी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये जागच्या जागी उभी होते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा एक म्हातारा कामगार डोळे मिटून ते ऐकत उभा राहिला. मग त्याने मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला. माझा आवाज खोल होता. मोठा नव्हता, पण जमिनीतून यावा तसा यायचा.

मला कोल्हारच्या भागवतरावांनी घेतलं. त्यांची पेरूच्या कलमांची नर्सरी होती. प्रवरेच्या पट्ट्यात त्यांची कलमं लावलेली नाहीत असं गाव सापडणं अवघड. मी आले त्या दिवशी सारं गाव बघायला लोटलं. कोणी माझ्या चाकाशी उंची मोजली, कोणी आरशात भांग पाडला. भागवतरावांच्या पत्नी पुष्पावती यांनी माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर सांडगे चांगले वाळतील की हो." आणि खरंच, पुढचे कितीतरी उन्हाळे एवढ्या ऐटीच्या गाडीवर धुतलेलं धोतर अंथरून सांडगे वाळत पडायचे. भागवतराव हसायचे. मलाही त्याचं काही वाटत नसे.

पुढे पुष्पावतीबाईंची नजर काचबिंदूने हळूहळू गेली. मग त्या मला कानांनी ओळखू लागल्या. मी फाट्यावर वळले की इकडे तवा चढायचा. त्या पाटाच्या रस्त्याने चालत असल्या तर भागवतराव दोनदा हॉर्न द्यायचे आणि बाई न घाबरता रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली जाऊन थांबायच्या.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी भागवतराव बागेतून आले. मला फाटकाशी सावलीत उभं केलं, हँडब्रेक ओढला, आणि चावीकडे गेलेला त्यांचा हात वाटेतच थांबला. ते तसेच बसून राहिले. मी, मित्रांनो, काय करणार होते? मला फक्त चालू राहता येत होतं. मी चालू राहिले. कलमं न्यायला आलेली माणसं लांबूनच म्हणाली, दादा गाडीत बसून फोनवर बोलताहेत. घरात बाईंनी माझा आवाज ऐकला आणि ताट वाढून ठेवलं. अडीच तासांनी पेट्रोल संपलं, माझा आवाज थांबला, तेव्हा कुठे त्या भिंतीला धरून बाहेर आल्या.

त्यानंतर मला फार कोणी चालवलं नाही. मुलगा हर्षल याचा सुप्याच्या एमआयडीसीत खोकी बनवण्याचा कारखाना. शनिवार-रविवार तो कोल्हारला यायचा. त्याला माझ्या सीटवर बसवत नसे. माझ्यावर धूळ बसली, मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं. आठ महिन्यांपूर्वी माझी बॅटरी काढून नेली, आणि माझ्याच शेडच्या भिंतीवर चार्जिंगचा पांढरा डबा बसवला. हर्षलने इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. माझ्याएवढीच मोठी, मोत्यासारखी पांढरी. ती माझ्या शेजारी येऊन उभी राही तेव्हा मला कळतही नसे. नजर वळवावी आणि ती तिथे असावी. मित्रांनो, मी तिचा मत्सर केला नाही. पण तिच्या शेजारी मला कधी निवांतही वाटलं नाही.

दर रविवारी शेडसमोर गाडीवेड्यांची बैठक भरायची. हर्षल, त्याचा शाळेतला दोस्त कल्याण, ज्याचं कोल्हारमध्ये स्पेअर पार्टचं दुकान आणि ज्याची नवी पेट्रोलची एसयूव्ही, आणि भिंगारची निकिता, जी गाड्यांचे व्हिडिओ करून मोबाईलवर टाकते. वाद ठरलेला.

"गाडी म्हंजे कसं, लांबून कळलं पायजे कोण येतंय ते," कल्याण म्हणायचा. "तुझी ही चोरावानी येती."

"चोरावानी न्हाई, सभ्य माणसावानी येती," हर्षल म्हणायचा. "तुमी तेल जाळायचं, धूर सोडायचा, आन् त्याला रुबाब म्हणायचं!"

"मनमाडच्या पुढं चार्जिंग संपलं की बस मग हायवेला भजन करत."

"चारशे किलोमीटर जाती ही एका दमात. तू तरी जातो का तेवढा, लघवीला न थांबता?"

निकिता हसायची. एकदा ती म्हणाली, "पिकअपला इलेक्ट्रिकच पुढे आहे, त्यात वाद नाही. पण पेट्रोलच्या गाडीत पायाखाली काहीतरी जिवंत आहे असं वाटतं." असं म्हणून तिने उगाचच माझ्याकडे पाहिलं.

"जिवंत? ही बघ जिवंत!" हर्षलने माझ्या बॉनेटवर दोन थापा मारल्या. "बॅटरी न्हाई, टाकी कोरडी. पंधरा दिवसांनी भंगारवाला येतोय."

दारातून पुष्पावतीबाई म्हणाल्या, "हर्षल, तिला मारू नको." एवढंच. हर्षलने हात खिशात घातला.

त्या दिवशी वाद वाढला आणि पैज लागली. कल्याणने पाटाच्या रस्त्यावर मैलाच्या दगडापाशी पाठ करून उभं राहायचं. हर्षलने मागून गाडी आणायची. कल्याणला आवाज ऐकू आला की त्याने हात वर करायचा. गाडी किती जवळ आल्यावर हात वर होतो, ते निकिताने मोबाईलवर टिपायचं. पुढच्या रविवारी, सकाळी लवकर, म्हणजे रस्त्यावर कोणी नसेल.

त्या रविवारी धुकं असं पडलं की शेडसमोरचं तुळशीवृंदावनही मला दिसेना. पाटाचं पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. पांढरी गाडी माझ्या शेजारून निघाली. हळू चालताना तिच्यात एक बारीक गुणगुण वाजते, लोकांना कळावं म्हणून. हर्षलने ती बटण दाबून बंद केली. उजेडाने पत्ता लागू नये म्हणून दिवेही लावले नाहीत. गाडी धुक्यात शिरली आणि जणू कधी नव्हतीच.

त्या दिवशी चंपाषष्ठी होती. पोरांच्या ते ध्यानातही नव्हतं. पुष्पावतीबाई मात्र आंघोळ करून, शाल पांघरून, काठी घेऊन मागच्या दाराने कधीच बाहेर पडल्या होत्या. पाटाच्या कडेने खंडोबाच्या देवळाकडे, रस्त्याच्या मधोमध, कारण कडेला खड्डे होते.

आता जे सांगते ते नीट ऐका. मला त्या वेळी काहीच जाणवलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. एका क्षणी माझ्या आत फार पोकळ वाटलं. घरातलं माणूस उठून बाहेर जावं आणि दार नुसतं लोटलेलं राहावं, तसं. मग तेही गेलं.

थोड्या वेळाने कल्याण पळत शेडमध्ये आला. त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मागून निकिता आली.

"गरम हाय," तो म्हणाला. "निकिता, हात लावून बघ. गरम हाय."

निकिताने हात लावला. मग तिने बॉनेट उचलून बॅटरीची रिकामी जागा पाहिली. दोन तारा मोकळ्या लोंबत होत्या. माझ्या चाकांना कोळ्यांची जाळी तशीच होती, एकही धागा तुटलेला नव्हता.

"तू ऐकलास ना आवाज?" निकिताने विचारलं.

"दगडापाशी उभा हुतो. मागून हिचं इंजिन आलं. भागवतकाकांची गाडी मी झोपेत वळखीन. मला वाटलं हर्षलनं चेष्टा केली, म्हणून हात वर केला. मग दोनदा हॉर्न वाजला. वळून बघतो तं काय न्हाई. नुसतं धुकं."

निकिताने मोबाईल चालू करून कानाशी धरला. पुन्हा धरला. "मीपण ऐकलं, कल्याण. पण ह्यात नाहीये. ह्यात फक्त पाणी आहे."

इतक्यात पुष्पावतीबाई काठी टेकत आल्या. चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "ह्यांची गाडी आली हुती रे," त्या म्हणाल्या. "मी आपली लिंबाखाली झाले, न्हेमीसारखी."

त्यांच्या मागे हर्षल होता. ओठ पांढरे पडलेले. काचा बंद असल्यामुळे त्याने काहीही ऐकलं नव्हतं. त्याने पाहिलं होतं फक्त एवढंच, की धुक्यातून अचानक एक शाल समोर आली, आणि त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधीच ती शाल बाजूला झाली. गाडीचा आरसा तिला घासून गेला. ती आपली आई आहे हे त्याला गाडी थांबल्यावर कळलं.

हे त्याने कल्याणला शेडच्या मागे नेऊन सांगितलं. पत्र्यापलीकडून मी ऐकत होते.

"काकूंना सांग," कल्याण म्हणाला.

"काय सांगू? तुझा पोरगा तुझ्या अंगावर गाडी घालत हुता म्हणून?"

तो सांगू शकला नाही. त्या आठवड्यात पांढरी गाडी शेडमध्येच राहिली आणि हर्षल एसटीने सुप्याला गेला. शनिवारी परत आला तो थेट माझ्याकडे. दार उघडून वडिलांच्या सीटवर पहिल्यांदाच बसला. हात स्टिअरिंगवर. बाहेर चांगलं ऊन होतं, पण माझ्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. त्याच्या श्वासाने झाल्या असं मी म्हणेन. पण एका माणसाच्या श्वासाने एवढ्या होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा येऊन बसला. डावीकडचं दार उघडलं आणि पुष्पावतीबाई चाचपडत आत आल्या.

"आई, त्या दिवशी..." हर्षलने स्टिअरिंग घट्ट धरलं. "त्या दिवशी धुक्यात मी हुतो. माझी गाडी हुती. तुला घासून गेली. दिवे बंद केलते मी. पैजेसाठी."

"मला ठावं हाय," बाई म्हणाल्या.

"ठावं हाय?"

"वारा लागला ना अंगाला. डोळे गेलेल्याला वारा लई कळतो. तू सांगतो का, ह्याची वाट बघत हुते." त्यांनी काठी पायाशी ठेवली. "आता माझं बी ऐक. ते गेले त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं हुतं. ह्या गाडीचा आवाज मी दारात अडीच तास ऐकला, हर्षल. म्हणलं, बसलेत रुसून, बसू दे. मी न्हाई जायची बोलवायला. उठून दहा पावलं गेले आसते तर..."

"आई, डॉक्टर म्हणले हुते, लगेच गेले ते."

"डॉक्टर म्हणले. पन मी उठले न्हाई ना." त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर तळवा ठेवला. "तीन वर्सं मी कुनाला बोलले न्हाई."

हर्षल आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. बाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

आणि तेव्हा, भर दुपारी, फाटकाबाहेर एक इंजिन सुरू झालं.

मित्रांनो, तो माझा आवाज होता. स्वतःचा आवाज कोणाला ओळखू येणार नाही? मी उभी होते, थंड, रिकामी, दोन माणसांना पोटात घेऊन. आणि मी तिकडे फाटकाशी गुरगुरत होते. मग गिअर पडला. आवाज पाटाच्या रस्त्याला लागला, प्रवरेच्या बाजूला गेला, लहान होत होत नाहीसा झाला. बाईंचा हात केसांत थांबला होता.

"गेले," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण?" हर्षलने मान वर केली. त्याला ह्या वेळीही काही ऐकू आलं नव्हतं.

भंगारवाल्याचा ट्रक कधी येणार, एवढंच बाईंनी विचारलं. तो परवा येणार असं कळल्यावर "येऊ दे" म्हणाल्या.

आता मी सुप्याजवळच्या एका मोकळ्या जागेत, जुन्या गाड्यांच्या रांगेत उभी आहे. रांग रोज थोडी पुढे सरकते. मला दुःख नाही. माझ्यात जे काही होतं ते त्या दुपारीच निघून गेलं. राहिलं आहे ते नुसतं लोखंड, आणि तेही कोणाच्या तरी कामी येईल. विजेची गाडी चांगली की पेट्रोलची, हा वाद तुम्ही खुशाल घाला. मला त्याचं उत्तर माहीत नाही. माझा आवाज एकदा एका बाईला फसवून गेला आणि एकदा वाचवून गेला, मग मी त्याची बढाई कशी मारू?

पण कोल्हार सोडायच्या आदल्या दिवशी मी फाटकातून एक पाहिलं. हर्षल पांढरी गाडी घेऊन पाटाच्या रस्त्याने येत होता. दिवे लावलेले, चारी काचा खाली, वेग बैलगाडीचा. पुढे त्याची आई चालत होती. खूप लांबूनच त्याने मान बाहेर काढली आणि हाक मारली, "आई, मी येतोय गं!" बाईंनी न वळता काठी वर केली आणि शांतपणे कडेला झाल्या. गाडी त्यांच्यापाशी थांबली. दार उघडलं. त्या पहिल्यांदाच तिच्यात बसल्या.

मित्रांनो, तुमच्याही पुढे रस्त्यावर कोणी चालत असेल. यंत्रावर सोडू नका. तेवढी हाक तुम्ही स्वतः मारा.