पेवाचं तोंड

भांडण शेळीवरून झालं. दाऊदची शेळी बांध ओलांडून पुंजारामच्या हरभऱ्यात शिरली आणि घाट्याला आलेला कडेचा पट्टा साफ करून गेली. पुंजाराम तेव्हा घरामागचं, जमिनीत खणलेलं ज्वारीचं पेव उघडत होता. हातातलं खोरं टाकून तो धावला.

"दाऊद, तुझं जित्राब आवरायचं का नाय?"

"मुक्या जित्राबाला बांध कळतो व्हय, पुंजाभाऊ? भरून देतो ना."

"मोठा भरून देणारा आला. तुझ्या घरात पिकतं काय?"

दाऊद नुसता हसला. ते हसणंच पुंजारामला झोंबलं. सरूबाई नवऱ्याला उगाच नाही म्हणायची, तुमचा राग म्हंजी गवताचा जाळ, पण पेटतो गंजीपाशी.

पेवाच्या तोंडावर बाभळीच्या चार काट्या ओढून तो तसाच तालुक्याला, कन्नडला गेला. शेळीचं गाऱ्हाणं घेऊन कोण पोलीस येतो? म्हणून ठाण्यात त्यानं सांगितलं, दाऊद माझी ज्वारी चोरतो. जमादाराला त्या वाटेनं जायचंच होतं. पुंजाराम जीपमधून आला, आणि खोटं कशाला बोला, ऐटीत बसून आला.

धुरळ्यातून जीप दिसली तसा दाऊद शेतातून गावाकडं पळत सुटला. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती, पण धरपकडीचे ते दिवस पाहिलेला मुसलमान माणूस गाडी कशाला आली हे विचारायला थांबत नाही.

"चोर नसता तर पळाला असता का?" जमादार म्हणाला. पुंजारामनं मान हलवली.

घर धुंडाळलं, ओढा पालथा घातला. पेवावरच्या काट्या सरकलेल्या दिसल्या तोवर उन्हं कलली होती. झाकलेल्या पेवात वाफ कोंडते. उघडलं की ते निवू द्यायचं, मग दोराला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर माणसानं उतरायचं नाही. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. दाऊदला वर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

पोलीस आले असताना माणूस मेला, म्हणून तहसीलदार चौकशीला आले. चावडीपुढं लिंबाखाली खुर्ची मांडली. गाव गोळा झालं. दाऊदची बायको गुलशन पोरीला, अनवरीला, घेऊन एका बाजूला बसली.

"चोर व्हता, सायेब," जमादार म्हणाला. "चोरीच्या जाग्यावरच मेला."

पुंजारामला पुढं बोलावलं. नुसतं 'व्हय' म्हटलं की तो सुटत होता. पण मग दाऊद कायमचा चोर ठरत होता, आणि चोराच्या पोरीला पदरात कोण घेणार? खरं बोलावं तर खोट्या खबरीबद्दल कोठडी.

"पेव तुमचं ना? मग तो त्यात का उतरला?" तहसीलदारांनी विचारलं.

"चोर नव्हता, सायेब. ॲक्शनच्या साली म्याच त्याला पेवात लपवला व्हता. तवाच सांगून ठिवलं, पुन्हा कवा पोलीस आले, त मला इचारायचं नाय, सरळ इथं यायचं."

"मग चोरीची खबर का दिलीत?"

"शेळीनं हरभरा खाल्ला व्हता."

कोणी हसलं नाही. पुंजारामनं खाली मान घालून दोन्ही हात पुढं केले. तहसीलदारांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा उठवला. "पुन्हा असं करू नका. जा."

जा. एवढंच. बेड्या पडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

वाटेत त्यानं गुलशनला गाठलं. "भाबी," तो म्हणाला.

"चोर नाय म्हणलात, बरं केलं. पोरीचं लगीन व्हईल." गुलशननं डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्या येळचं ते लई सांगायचे. पुंजाभाऊनं आधी कंदील सोडला, जळतोय बघितलं, मंग मला उतरवलं."

"मंग आता तसाच कसा उतरला त्यो? वाईच थांबायचं व्हतं."

"कुणासाठी थांबायचं? कंदील सोडणारा जीपमधी बसलेला त्यांनी बघितला ना." तिचा आवाज चढला नाही. "पळता पळता मला म्हणले, गुलशन, माझ्यापायी पुंजाभाऊला बी धरलं गं."

ती पोरीचा हात धरून पुढं गेली. पुंजाराम तिथंच बांधावर बसला.